सिस्टर, आकडा तीनच होता

तुमच्या कानामागून रक्त येत होतं आणि मी द्वारकाच्या पायावर डोकं ठेवून वाकलेलीच होते. चादरींच्या खोलीत. तांब्या तुमच्या डोक्यात बसल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही रॅकवर आदळलात तेही ऐकलं. वरच्या फळीवरच्या चादरी माझ्या पाठीवर पडल्या. तरी मी उठले नाही. दुसरा घाव बसला तेव्हाही माझं कपाळ फरशीलाच होतं.

हे आधी सांगून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि हे राहून जाईल. आजवर असंच राहिलं.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. तुमच्यात दहावा-तेरावा नसतो, असं तुमची सून म्हणाली. मग माणसाशी शेवटचं बोलायचं कधी असतं, ते मला कळलं नाही. म्हणून आजच बसले. चौथी शिकलेली बाई आहे मी, अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे.

बातमी भगवानमामानं सांगितली. आपल्या वॉर्डातला मामा. त्याला आता नीट दिसत नाही, नंबर नातीनं लावून दिला. "गयामावशी, एस्तेर सिस्टर गेल्या," म्हणाला आणि रडायला लागला.

मी म्हणाले, "रडू नको. माती कवा हाय ते सांग."

तीन तास उरले होते. गल्लीतले सगळे नारायणगडला दर्शनाला गेलेले. 'मी जरा जाऊन येते' एवढं म्हणायलाही कोणी नव्हतं. कुलूप लावलं, पाटोद्याला येऊन एसटी धरली. पोचले तेव्हा तुमची पेटी खाली सोडलेली होती. तुमच्या लोकांनी मूठभर माती हातात दिली, ती टाकली. तोंड काही बघायला मिळालं नाही.

तुमच्या सुनेनं विचारलं, "आपण कोण?"

"वॉर्डातली मावशी."

"आईंच्या मावशी?"

"न्हाई," मी म्हणाले. "सगळ्यांचीच."

ती 'हो का' म्हणाली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडं वळली. तिची चूक नाही. दवाखान्यात कुणाला कधी आमच्या नावाची गरज लागलीय?

आकड्यांचा तो कागद आपल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, तुम्हीच आणलात. त्याआधी आमचं साधं होतं. एखादीनं एकदा हात उचलला की ती मारकी. म्हशीला म्हणतात तसं. मारकी म्हणून नाव पडलं की तिला कोपऱ्यातली खाट, तिचं ताट लांबून सरकवायचं, आणि ती सुटून घरी जाईपर्यंत मारकीच. बरी झाली तरी मारकी. तुम्ही आल्यावर हा शब्द वॉर्डात बंद केलात. मला तेव्हा राग आला होता. मार आम्ही खायचा आणि शब्दही वापरायचा नाही?

मग तुम्ही तो कागद दाखवलात. सहा गोष्टी. बाई चिडलीय का, भांबावलीय का, नेहमीपेक्षा गलका करतेय का, तोंडानं धमकावतेय का, अंगावर येतेय का, वस्तू फेकतेय का. असेल तर एक, नसेल तर शून्य. सगळं मिळवायचं. तीन किंवा वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं, तिला गर्दीतून बाजूला घ्यायचं, जवळ बसायचं, गोळी द्यायची. आणि हे फक्त आज-उद्यापुरतं. दुसऱ्या दिवशी कागद कोरा.

"मंग हे रेडिओवर पावसाचं सांगत्यात तसंच झालं की," मी म्हणाले. "ते कवाच खरं होत न्हाई."

"पावसाला औषध देता येत नाही, मावशी. माणसाला देता येतं."

भगवानमामा तर रोज सकाळी दारातून विचारायचा, "काय मावशी, आज कोणता आकडा लागला? ओपन का क्लोज?"

"तुझ्या थोबाडावर लागंल आता. बादली उचल."

पण त्या कागदात एक गोष्ट होती आणि तिनं माझा भाव वाढवला. जे बाईचं रोजचंच आहे ते धरायचं नाही. रोजच्यापेक्षा वेगळं असेल तेच धरायचं. आणि रोजचं काय, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. मला होतं. सुगंधाबाई उठल्या उठल्या सगळ्या वॉर्डाचे मुडदे बसवायची. तुम्ही नव्या होतात, तुम्ही घाबरून तिला धमकीचा एक दिलात. मी हसले.

"सिस्टर, ह्यो तिचा रामराम हाय. जवा शिव्या देणार न्हाई तवा एक द्या."

तुम्ही खोडरबर घेतला आणि एकाचा शून्य केला. माझ्या सांगण्यावरून. चौथी शिकलेल्या बाईच्या सांगण्यावरून दवाखान्याचा कागद बदलला. त्या दिवसापासून रोज आठला तुम्ही पेन्सिल घेऊन खाटेखाटेशी थांबायचात आणि विचारायचात, "मावशी, हिचं रोजचं काय?" आधी पेन्सिल, मी बोलले की मग शाई. नवरा होता तेव्हा त्यानंही मला कधी कशात विचारलं नव्हतं.

आपण भांडलोही पुष्कळ. मी म्हणायची, कागद कशाला, मला चालीवरून कळतं. तुम्ही म्हणायचात, तुम्हाला कळतं मावशी, पण तुमची सुट्टी असते तेव्हा कुणाला कळतं?  मी बादली आपटून निघून जायची.

आता द्वारकाचं.

ती दिंद्रुडकडची. नवरा, सासू, जाऊ, एक लहान लेकरू. आणली तेव्हा तिचे हात ओढणीनं बांधलेले होते. महिन्याभरात औषधानं सावरली. भाजी निवडायची, माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालायची. माझ्यापेक्षा सरळ घालायची. फक्त मंगळवारी तिच्या अंगात यायचं. घुमायची, मोकळे केस, डोळे वर. पण कुणाला बोट लावायची नाही.

अंगात येण्याला तुम्ही बिचकायचात, आणि का ते मला माहीत होतं. एकदा दुसऱ्या एका बाईचं घुमणं तुम्ही कागदावर धरलं तर तिचा भाऊ वॉर्डाच्या दारात येऊन ओरडला होता, "आमच्या देवीला येड म्हणता काय? तुमाला काय कळतंय त्यातलं?" 'तुमाला' म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं. तुम्ही गळ्यातला क्रूस पदराखाली घेतलात. तेव्हापासून देवाधर्माचं काही आलं की तुमचा हात थांबायचा आणि तुम्ही माझ्याकडं बघायचात.

माझा बाळू तेव्हा भांडून गेलता. दोन वर्षं फोन नाही. एका मंगळवारी द्वारका घुमत होती तेव्हा मी सहज विचारलं, माझं लेकरू येईल का. ती म्हणाली, "येतंय. वाटंला लागलंय." बस. मला तेवढं पुरलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. मग दर मंगळवारी. डॉक्टरांचा राउंड झाला की चादरींच्या खोलीत. घरून हळदकुंकू न्यायला लागले. मग देवीचे पाय धुवायला पितळेचा तांब्या. वॉर्डात प्लास्टिकचेच मग का असतात, ते नव्या आयांना मीच सांगायची. तरी नेला. तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी द्वारकानं चहाचा मग भिंतीवर फेकला. माझ्या हातातला कंगवा हिसकला. तुम्ही जवळ गेलात तर म्हणाली, "यमुने, माझं लेकरू दे." यमुना म्हणजे तिची जाऊ. तुम्ही पेन्सिलीनं मांडलंत. चिडली एक, भांबावली एक, फेकलं एक.

"मावशी, तीन येतात."

"मंगळवार हाय सिस्टर."

"मंगळवारी ती घुमते. फेकत नाही."

"फेकती की. गेल्या मंगळवारी ताट फेकलं. तुमची सुट्टी व्हती."

फेकलं नव्हतं. गेल्या मंगळवारी ती सगळं जेवली होती आणि ताट स्वतः धुतलं होतं.

"आणि मला जाऊ म्हणाली, ते?"

"देवी आली म्हंजे माणूस वळखू येत न्हाई. तिचं रोजचंच हाय ते. मी काय खोटं बोलती व्हय?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग खोडरबर घेतलात. चिडली तेवढं ठेवलंत, बाकीचं पुसलंत. एक. शाईनं लिहिलंत.

आदल्या दिवशी मला गावातल्या एकानं सांगितलं होतं, बाळूला पुण्याच्या स्टँडवर बघितलं म्हणून. मला त्याच दिवशी विचारायचं होतं. तीन आले असते तर द्वारकाला गोळी मिळाली असती, तिच्याजवळ दुसरं कुणी बसलं असतं, दुपारपर्यंत ती झोपली असती. पुढच्या मंगळवारपर्यंत मला दम नव्हता. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर लिहिलं असतं.

मी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, वाकले, विचारलं. उत्तर यायचं होतं. आणि तुम्ही दार लोटलंत. तुम्हाला चादर हवी होती.

"मावशी, हे काय?"

रागानं नव्हतं ते. नुसतं विचारलंत. द्वारका उठली, "यमुने" म्हणाली, आणि तांब्या मी तिच्याच हाताशी ठेवलेला.

देवीच्या आड माणूस आलं की देवी कोपते, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. आता कोप उतरेपर्यंत मान वर करायची नाही, एवढंच डोक्यात. बाजूला तुम्ही मरत होतात आणि मी कोप उतरायची वाट बघत होते. पहिला घाव द्वारकाचा. दुसरा माझा धरा. मध्ये उठले असते तर तो बसला नसता.

मी उठले ती तुमचा आवाज ऐकून. तुम्ही खाली पडल्या पडल्या बोलत होतात, तान्ह्याला थोपटताना बोलतात तसं. "द्वारका, लेकरू बरं आहे. लेकरू घरी आहे, आजीजवळ आहे. खाली बस." आणि ती बसली. तांब्या खाली ठेवला. रिकामा होता, तरी सांडू नये म्हणून सरळ ठेवला.

मग मला जोर आला. मी तिच्यावर हात उगारला.

"मारू नका मावशी," तुम्ही म्हणालात. "आधी माझं डोकं धरा."

टाके पडले, जखम भरून आली. डावा कान गेला तो गेलाच.

चौकशीत मेट्रनबाईंनी विचारलं, वॉर्डात पितळेचा तांब्या आला कुठून.  मी बोलणार नव्हते, हेही लिहून ठेवते. तुम्ही म्हणालात, "माझा आहे. पाणी प्यायला आणला होता." तांब्याच्या गळ्याला हळदीची बोटं उठलेली होती. मेट्रनबाईंनी ती बघितली, तुमचा क्रूस बघितला, आणि तुम्ही म्हणालात तसं लिहून घेतलं. तुमची बढती अडकली. माझ्या नावापुढं काहीच लागलं नाही.

का केलंत तसं? मी विचारलं नाही, कारण विचारलं की सांगावं लागलं असतं.

तुम्ही परत कामावर आलात तेव्हा द्वारका कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तुम्ही नव्हतात तेवढ्यात आम्ही सगळ्यांनी तिला परत मारकी करून टाकलं होतं. तुम्ही डोक्याला पट्टी बांधून तिच्या खाटेशी गेलात, तिच्याशी बोललात आणि कागदावर सहा शून्यं मांडलीत.

मी म्हणाले, "तिनं तुमचं डोसकं फोडलं अन् शून्य?"

"आज फोडलं का?"

"आज न्हाई."

"मग आजचं सांगा. आज चिडली आहे का?"

"न्हाई."

"भांबावली आहे का?"

"न्हाई. पर सिस्टर..."

"कागदात 'पण' नाही, मावशी."

तेव्हा मला तुमचा संताप आला होता. वाटलं, ही बाई मार खाऊनही शहाणी होत नाही. खाट बदलायला लावलीत. तिला परत चादरींच्या घड्या घालायला बसवलंत, फक्त दाराजवळ, उघड्यावर. चार महिन्यांनी ती घरी गेली. कोपऱ्यातच ठेवली असती तर कधी गेली असती, सांगता येत नाही.

आणि माझं काय केलंत? मला वाटलं होतं, आता मला विचारणं बंद होईल. तुम्ही कागदावर उभी रेघ मारलीत. एका बाजूला तुमचा आकडा, दुसऱ्या बाजूला माझा. खोडरबर फेकून दिलात. "दोन्ही राहू देत," म्हणालात. "जो मोठा असेल तो धरू." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकदाही खोटं सांगितलं नाही. चुकले असेन, खोटं नाही. कधीकधी तुमचा शून्य आणि माझा तीन यायचा, आणि तुम्ही मुकाट्यानं डॉक्टरांना कळवायचात.

एकदाच तुम्ही त्या दिवसाचं बोललात. पगाराच्या रांगेत उभ्या होतो. मी तुमच्या उजवीकडं. तेव्हा नेहमी उजवीकडंच उभी राहायची मी. तुम्ही मध्येच म्हणालात, "मावशी, खोडरबर माझ्या हातात होता." मी म्हणाले, "व्हय." हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी पुढं म्हणायला हवं होतं, व्हय, पण खोटं माझ्या तोंडात होतं. रांग पुढं सरकली.

शेवटची भेटले ते तुरीच्या शेंगांच्या दिवसांत. पिशवीभर हिरव्या शेंगा घेऊन आलते. तुम्ही वाळला होतात. पलंगावर बसून शेंगा सोलायला लागलात, समोर टीव्ही चालू. सून आत. त्या दिवशी मी ठरवून आले होते. आणि ठरवूनच तुमच्या डाव्या बाजूला बसले. बहिऱ्या कानाच्या बाजूला. मी एवढी भित्री असेन, असं मलाही वाटलं नव्हतं.

म्हणाले, "सिस्टर, त्या दिशी तीनच व्हते. ताटाचं म्या खोटं सांगितलं. मला बाळूचं विचारायचं व्हतं."

तुमचा हात थांबला नाही. दाणे ताटात पडत राहिले. म्हणालात, "कोवळ्या आहेत शेंगा."

"आपल्याच रानातल्या हायेत."

मग म्हणालात, "बाळू कसा आहे?"

आता तुम्ही बाळूचं नेहमीच विचारायचात. त्यामुळं त्यावरून काही ठरत नाही. ऐकलंत म्हणून विचारलंत, की न ऐकता विचारलंत, हे मी एसटीत बसल्यापासून घरी येईपर्यंत तपासलं. अजून तपासते. दुसरं काय काम असतं मला? उजव्या बाजूला बसून एकदा पुन्हा सांगितलं असतं तर हा घोळ मिटला असता. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं. शेंगा संपल्या, उन्हाळा लागला आणि तुम्हीही गेलात.

बाळू तेव्हा एकदा आलता, सिस्टर. देवीनं सांगितल्यावर दीड वर्षानं. दोन दिवस राहिला, टीव्ही घेऊन गेला. घर आता शांत असतं. सकाळी आठ वाजले की अजून हात कोणतं तरी काम शोधतो. शेजारीण अंगणात सुनेवर ओरडत असते, मी आतल्या आत तिचा आकडा काढते. तिचं ते रोजचंच आहे. शून्य. पण हे म्हणायचं कुणाला?

माफी मागायला हे लिहीत नाही. माफ करायला समोर माणूस लागतं. चौकशीच्या कागदावर तांब्या तुमचा म्हणून लिहिलेलं आहे आणि वॉर्डाच्या कागदावर तो मंगळवार एक म्हणून. दोन्ही चूक आहे. तांब्या माझा होता. आकडा तीनच होता. तुम्ही बरोबर मांडला होता आणि मी तो पुसायला लावला. हे एका तरी कागदावर असावं, म्हणून हा कागद.

परवा मी दिंद्रुडला गेले. म्हटलं, द्वारकाला सांगायला पाहिजे. अंगणात शेवया वाळत घातलेल्या, ती काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. केस पांढरे झालेत, गोळ्या चालू आहेत, सून बरी मिळाली आहे. मला लगेच ओळखलं.

"मावशे! लई थकलीस गं. कावून आलीस एवढ्या उन्हाची?"

"एस्तेर सिस्टर गेल्या."

तिनं काठी खाली टेकवली. "पांढऱ्या साडीतली? गळ्यात क्रूस?"

"तीच."

"चांगली बाई व्हती." मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "तिच्या डोस्क्याला काय तरी लागलं व्हतं न्हाई का गं? पट्टी व्हती. कशानं लागलं व्हतं?"

मी तिच्याकडं बघितलं. सहाही गोष्टी बघितल्या, सवयीनं. काही नव्हतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"चादरीचं रॅक पडलं," मी म्हणाले.

"अगं आई," द्वारका म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

हे एक खोटं तिनं पुन्हा विचारलं तरी मी बोलेन. तुम्हीही तेच सांगितलं असतंत.

त्या खोलीतून आपण तिघी जिवंत बाहेर आलो होतो. आता दोघी आहोत, आणि तिथं काय झालं ते एकीलाच ठाऊक आहे.